करवंदाची कांडी

डिंभ्याच्या सरूबाईला बर्फाच्या कांड्या करायला शिकवलं ते नवऱ्याच्या आजारानं. गेणूच्या घशातल्या गाठीला पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर लाईट दिली, किरणांनी गाठ जाळायची म्हणून. गाठ राहिली बाजूलाच, घसा मात्र आतून सोलून निघाला. भाकरी बंद झाली, पेज बंद झाली, कोमट पाणीसुद्धा निखाऱ्यासारखं लागायचं. डॉक्टरांनी हात टेकले आणि सांगितलं, गार काहीतरी चोखू द्या, जाईल तेवढं जाईल.

सरूबाईनं पदर खोचला. घोडेगावच्या बाजारातून कलिंगड आणायचं, कुस्करून फडक्यातून गाळायचं, खडीसाखर विरघळवून स्टीलच्या पेल्यांत ओतायचं, मधोमध बांबूची तासलेली काडी उभी करायची आणि पेले शेजारच्या जयाच्या फ्रीजात ठेवायचे. दिवसाकाठी दोन कांड्या गेणू चोखायचा. तेवढ्यावरच माणूस तग धरून होता.

वैशाखात एका शनिवारी सकाळी त्यानं खुणेनं तिला जवळ बोलावलं. आवाज असा उरलाच नव्हता, नुसत्या श्वासानं म्हणाला, "करवंदं पिकली असत्याल न्हवं? त्याची कर की येक."

दुखणं लागल्यापासून त्यानं आपणहून काही मागितलं ते हे पहिलंच. सरूबाई हरखली. भर उन्हात रान तुडवून, हात ओरबाडून घेत तिनं टोपलीभर करवंदं आणली. संध्याकाळपर्यंत कांड्या गोठल्याही.

पण दिल्या नाहीत. रानातलं नवं फळ डोंगरावरच्या देवीला दाखवल्याशिवाय घरात कुणी ओठाला लावायचं नाही, आणि यंदाचं नवं गावानं मंगळवारी ठरवलेलं. बाजारच्या कलिंगडाला हा नेम नव्हता, करवंदाला होता.

जया चिडली. "आगं मावशे, माणूस मागतंय. दे की! देवी काय रागावती व्हय?"

"न्हाई बया. समदा भार तिच्यावर टाकलाय. आत्ताच तिच्याशी वाकडं घिऊन कसं चालंल? तीन दिस तर हायेत."

गेणू दाराकडे बघायचा. ती म्हणायची, "मंगळवारी." तो मान हलवायचा. त्यानंही जन्मभर नवं पाळलेलं, त्यामुळे हट्ट केला नाही. करायला हवा होता मेल्यानं, एकदा तरी.

मंगळवारी सरूबाई पहाटेच डोंगर चढली, देवीपुढं करवंदं ठेवली आणि धापा टाकत उतरून थेट जयाच्या घरात शिरली. कांडी आणून गेणूच्या ओठाला टेकवली. लालजांभळा रस हनुवटीवरून गळ्यावर ओघळला. आत थेंबही गेला नाही. घसा मिटलाच होता. त्यानं डोळे भरून तिच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. गुरुवारी तो गेला.

गावात कुणी तिला बोल लावला नाही. तू तरी काय करणार, असंच सगळे म्हणाले, आणि तेच तिला सोसवत नाही. कुणीतरी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं.

आता ती नवं पाळत नाही. वैशाखात पहिलं पिकलेलं करवंद दिसलं की जाळीतच उभी राहून तोडते, तोंडात टाकते आणि थुंकून देते.