मेहुणी शिकायला जाते

माझ्या मेहुणीला आजवर कोणीही, काहीही शिकवू शकलेलं नाही. बाई अतिशय हुशार आहे. अडचण एवढीच, की तिला शिकवायला बसलेला माणूस पाच मिनिटांत तिचाच विद्यार्थी होतो. त्यामुळे चाळिशी उलटल्यावर एके दिवशी हैदराबादेत आमच्या दिलसुखनगरच्या घरी येऊन ती जेव्हा म्हणाली, "भावोजी, मी अमेरिकेला शिकायला चाललेय," तेव्हा मला पहिली काळजी अमेरिकेची वाटली.

तसा तिचा इतिहासच आहे. जामबागच्या एका शाळेत ती वर्षानुवर्षं गणित शिकवत होती, आणि शाळा सुटली तरी तिची शाळा सुटत नव्हती. स्कूटर शिकायची म्हणून तारनाक्याला, आपल्या घराजवळच, युनिव्हर्सिटीच्या मोकळ्या रस्त्यावर तिने एक मास्तर लावला होता. तिसऱ्या दिवशी मी सहज बघायला गेलो, तर मास्तर मागे बसलेला आणि ही पुढून मान वळवून त्याला सांगतेय, "तुम्ही ब्रेक आधी शिकवता ना, तिथेच पोरं घाबरतात. आधी तोल शिकवा." मास्तर बिचारा "हौ मॅडम, हौ मॅडम" करत होता. शेजारच्या खालाजानकडे मिरची का सालन शिकायला गेली, तर तासाभरात शेंगदाणे किती भाजावेत यावर तिचं व्याख्यान सुरू. खालाजान माझ्या बायकोला म्हणाल्या, "अम्मा, सालन हमारा, और ये हमकूच सिखारे!" पण त्या दिवसापासून त्या शेंगदाणे हिच्याच पद्धतीने भाजतात, हेही खरं. दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसावं लागतं, म्हणून तेवढा एकच इसम आतापर्यंत वाचलाय. तोही गुळणी करायला सांगतो तेव्हा सावध असतो म्हणे.

तर अशी ही बाई पीएच.डी. करणार होती, आणि विषय काय, तर गणित कसं शिकवावं! मी म्हटलं, "हे म्हणजे आचाऱ्याने पाणी कसं उकळावं हे शिकायला परदेशी जाणं झालं." ती जराही हसली नाही. "भावोजी, माझ्या वर्गात दरवर्षी सात-आठ पोरं अशी असतात, की मी जीव तोडून शिकवते आणि त्यांच्या डोक्यात काही म्हणजे काही शिरत नाही. का शिरत नाही, ते मला कळत नाही. ते शिकायचंय."  पुढे तिने अटही सांगून टाकली. अकरा वर्षांच्या लेकीला, मनूला, बरोबर न्यायचं. मनूला व्हिसा मिळाला तर जायचं, नाहीतर कॉलेजला नमस्कार. आमचे साडू, म्हणजे मनूचे वडील, आदिलाबादकडे बँकेत आहेत, शनिवारी येतात आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परत जातात. त्यांच्यापाशी पोर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. नोकरी सोडून त्यांनाही जाता येत नव्हतं. म्हणजे या बाईचं सगळं स्वप्न मनूच्या दोन वेण्यांना लटकलेलं होतं.

इंग्रजीची परीक्षा द्यायची म्हणून तिने आमच्याच गल्लीतल्या कोचिंगमध्ये नाव घातलं. वर्गात सगळी विशीतली पोरं. पहिल्या दिवशी ती हिला आंटी म्हणाली, दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाली, आणि आठवड्याच्या आत निबंध तपासून घ्यायला हिच्या बाकाभोवती रांग लागली. शिकवणारा तरुण तेलुगू मुलगा मोठा समजूतदार निघाला. त्याने खडू पुढे केला आणि म्हणाला, "मॅडम, आप खडे हो जाओ, मैं बैठ जातूं." फी मात्र त्याने पूर्ण घेतली. संध्याकाळी वर्ग सुटला की ती आमच्याकडे चहाला यायची आणि माझ्या बायकोला, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीला, आल्याचा चहा किती वेळ उकळावा ते सांगायची. बायको सगळं ऐकून घ्यायची आणि आपल्याच पद्धतीने करायची. अख्ख्या खानदानात तेवढी एकच नापास विद्यार्थिनी.

परीक्षा झाली, कॉलेजने जागा दिली, फी माफ करून वर पगारही देऊ केला. उरला व्हिसा. आमच्या शहराबाहेर व्हिसावाला देव आहे, हे हैदराबादेत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेहुणी एरवी देवाधर्माच्या भानगडीत न पडणारी, पण "नियम तो नियम" म्हणून तीही तिथल्या ठरलेल्या अकरा प्रदक्षिणा घालायला गेली. मी, माझी बायको आणि मनू पिंपळाखाली बसलो. दोन फेऱ्या धड झाल्या. तिसऱ्या फेरीला बघतो, तर बाई थांबलेली आणि एका पोराला विचारतेय, "तुझी कितवी?" त्याला आठवेना. त्याच्या मागच्यालाही आठवेना. झालं! बोटांच्या पेरांवर फेऱ्या कशा मोजायच्या, घाईवाल्यांनी कोणत्या बाजूने चालायचं, म्हाताऱ्यांना आतून कसं सोडायचं, सगळं तिने तिथल्या तिथे लावून दिलं. थोड्या वेळाने देवाभोवती जी शिस्तीची माळ फिरायला लागली, ती बघून देवसुद्धा ताठ उभा राहिला असेल. स्वतःच्या फेऱ्या मात्र ती साफ विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून घातल्या. मनू शेंगा खात शांतपणे म्हणाली, "काका, मी सांगितलं होतं ना, जेवणाचा डबा घेऊन चला."

मग आमच्या घरी मुलाखतीच्या तालमी सुरू झाल्या. मी लग्नातला टाय घालून गोरा अधिकारी व्हायचो. मी विचारायचो, "या वयात शिक्षण का?" आणि ती म्हणायची, "हा प्रश्न तुम्ही चुकीच्या पद्धतीने विचारलात." मी डोक्याला हात लावायचो. "अगं बाई, तो व्हिसा देणार आहे, तू त्याला मार्क देणार नाहीस!" महिनाभर मी ओरडलो तेव्हा कुठे ती दोन ओळींत उत्तर द्यायला आणि मग तोंड मिटायला शिकली. ते मिटलेलं तोंड घडवल्याचा मला फार अभिमान वाटत होता. या सगळ्या काळात मनू कोपऱ्यात वेताचा मोडा बसायला ओढून गोष्टीचं पुस्तक वाचत असायची. तिची तालीम घ्यावी असं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. पोर काय, आई जाईल तिथे जाणार!

मुलाखतीच्या दिवशी मीच दोघींना गाडीने सोडलं आणि बाहेर थांबलो. तासाभराने दोघी आल्या. मनू उड्या मारत, मेहुणी मूग गिळून. मी विचारलं, "नाही दिला?" मेहुणी म्हणाली, "दिला. दोघींनाही." आणि गाडीत बसून काचेबाहेर बघायला लागली. घडलं ते मनूने मागच्या सीटवरून, बिस्किटं खात खात सांगितलं. मेहुणीने म्हणे सगळी उत्तरं माझ्या तालमीबरहुकूम दोन दोन ओळींत दिली. मग त्या अधिकाऱ्याने वाकून मनूला विचारलं, "आणि तू कशाला चाललीस?" मनूने अगदी स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की मला खरं तर जायचं नाहीये, पण आईला एकटीला पाठवता येत नाही. ती तिथल्या सरांनाच शिकवायला लागेल आणि मग ते तिला परत पाठवतील. मी असले की मागून ओढणी ओढते, मग ती थांबते. तो इतका हसला, की पलीकडच्या खिडकीतली बाई उठून बघायला आली. "हिला नक्की घेऊन जा," असं तो मेहुणीला म्हणाला.

मीही खदखदून हसलो आणि हसता हसता विचारून बसलो, "पण काय गं, जायचं का नाहीये तुला?" मनू म्हणाली, "पप्पा शनिवारी येतात ना. घराला कुलूप असेल मग."  पुढे तारनाक्याला त्यांना सोडायला जाताना एका ठिकाणी मी चुकीच्या गल्लीत शिरलो, तरी मेहुणीने मला एक अक्षर सांगितलं नाही.

संध्याकाळी ती एकटीच आमच्याकडे आली. चहा पुढे तसाच. "भावोजी, मी तिला विचारलंच नाही हो. दिवसभर वर्गात विचारत असते, समजलं का, समजलं का. घरात एकच पोर, तिला एकदा विचारलं नाही." तिचे डोळे भरून आले होते. "ती नको म्हणाली, तर मी नाही जाणार." बायको तिच्याजवळ जाऊन बसली.  पोरीच्या तोंडून नकार यायला नको आणि होकारही यायला नको, असं काहीतरी विचित्र मला वाटत होतं.

शनिवारी साडू आले. हा माणूस इतका कमी बोलतो, की त्याच्या बँकेतली गिऱ्हाइकं त्याला काउंटरचाच भाग समजत असावीत. आम्हीही तारनाक्याला गेलो होतो. ते मनूला घेऊन युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर फिरायला गेले आणि अंधार पडता पडता आले. मनू सरळ आईसमोर उभी राहिली. "मी येते. पण तिथे माझ्या टीचरला तू काही शिकवायचं नाही. आणि पप्पांचा फोन आला की आधी मी बोलणार." मेहुणीने वर्गातल्या पोरासारखी मान हलवली आणि हळूच विचारलं, "अजून काही?" आणि उत्तर येईपर्यंत थांबली. मी जन्मात पहिल्यांदा तिला थांबलेलं बघितलं. मी साडूंना बाजूला घेऊन विचारलं, "असं सांगितलंत तरी काय?" ते म्हणाले, "काही नाही. शनिवारी मी तुमच्याकडे उतरणार आहे, एवढं सांगितलं." मला विचारलंही नव्हतं त्यांनी. विचारायची गरज वाटली नाही, याचं मला बरं वाटलं.

आता साडू शनिवारी आमच्याकडे उतरतात. रविवारी सकाळी आम्ही तिघं चहा घेऊन फोनसमोर बसतो. आधी मनू आणि पप्पा, ठरल्याप्रमाणे. मनूला तिथे दोन मैत्रिणी झाल्यात, एक तर तिला मराठी शिकव म्हणून मागे लागलीय. मग मेहुणी येते. हल्ली ती फार शांत झालीय. चहा कसा करता, गाडी कशी चालवता, काही काही सांगत नाही. नुसतं विचारते आणि ऐकून घेते. बायको म्हणते, सुधारली. मला मात्र कानाला चुकल्यासारखं वाटतं. म्हणून परवा मी मुद्दाम म्हटलं, "इथे सकाळचे आठ, म्हणजे तुमच्याकडे आता भर दुपार असेल, नाही का?" पलीकडून मनू ओरडली, "काका, चूक! एकदम चूक!" तोच मेहुणीचा आवाज आला, "थांब गं, सांगू नकोस. त्यांचं त्यांना सापडू दे." आणि दोघीही माझ्या उत्तराची वाट बघत थांबल्या. साडू माझ्याकडे बघत होते. उत्तर मला येत होतं, तिथे अजून शनिवारची रात्रच होती. पण उत्तर दिलं की "बरं, ठेवते" म्हणायची मेहुणीला सवय आहे, म्हणून मी आपला बोटं मोजत बराच वेळ बसून राहिलो.