घावन आणि उपडा पेला

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या धाकट्या मावशीचं. आई मला लहान ठेवून गेली, तेव्हा मावशीनं मला मिरकरवाड्यातल्या आपल्या घरी आणलं. तिनं शाळेचा उंबरा कधी ओलांडला नव्हता. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि त्या पदवीचा खर्च गुत्त्यातून आला, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. गुत्ता म्हणजे बंदराच्या वाटेवरचं माडी-दारूचं दुकान. पिण्याबरोबर खायचे तिखटमिठाचे पदार्थ मावशी तिथं करून देत असे.

लोक समजत, माझ्या शिक्षणासाठी ती हे करते. ते खरंच होतं. पण चूल पेटली होती ती काकांसाठी.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, मासेमारीच्या होडीवर असत. त्यांची एकुलती मुलगी तापानं गेली तेव्हा ते समुद्रात होते. परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. मावशीनं पाट मांडला, भात वाढला. काकांनी घास उचलला, मुलगी बसायची त्या जागेकडे पाहिलं, घास ताटात ठेवला आणि उठले. पुन्हा ते घरी जेवायला बसले नाहीत. जाळी ठेवायच्या खोपीत निजत, दिवस कलला की गुत्त्यात जात. भांडण नाही, वाईट शब्द नाही. वाटेत मावशी समोर आली तर बाजूला होऊन तिला वाट देत. त्यांचा पाट मावशीनं उचलून ठेवला नाही. सारवताना ती तो उचली, पुशी आणि होता तिथं मांडी.

गुत्त्यात तेव्हा भाजलेल्या चण्यांपलीकडे काही मिळत नसे. मावशीचे वडील माड चढून माडी काढणारे. उपाशीपोटी पिणाऱ्याचं काय होतं ते तिनं त्यांच्या रूपानं पाहिलं होतं. ती सरळ गुत्तेवाल्याकडे गेली आणि म्हणाली, "खाणं मी देते. कोणाच्या हातचं ते सांगू नका."

दारूचा थेंब तिनं कधी जिभेला लावला नाही. परत येणाऱ्या बशा बघून ती शिकली. सकाळची ताजी माडी गोडसर, तिच्याबरोबर भाजलेला खारा बांगडा. संध्याकाळपर्यंत माडी आंबटते, मग तिच्याशी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं, ओलं खोबरं सढळ हातानं घातलेलं; आमसूल मात्र नाही, आंबटावर आंबट चढलं तर घास मागे सरतो. कडक दारूला तळलेले बोंबील, आणि ते पेल्याच्या आधी समोर गेले पाहिजेत. "दारू जाळते रे," ती म्हणे, "खाली तेलाचं काही असलं म्हणजे जरा दमानं जाळते."

गुत्तेवाला बशा परत द्यायला स्वतः येई. ओट्याशी उभा राहून सांगे, "बाय, आज तुझ्या घोवान बशी पुसून खाल्लान."

"माझ्या घोवाचं कोण विचारतंय? बशी फुटली नाही ना?" असं म्हणून ती आत वळे. त्या संध्याकाळी मला भात वाढताना तिचा हात सढळ असे.

वर्षातून एक दिवस तिखटमीठ बंद. मुलगी गेली त्या तिथीला मावशी गुत्त्यात तांदळाची घावनं पाठवी, नुसती मिठाची, वर खवलेलं खोबरं. मुलीला तीच आवडत. गिऱ्हाइकं कुरकुरत. "बाळंतीण निजवली हास काय आत?" असा एकानं टोमणा मारला, तो गुत्तेवाल्यानं आम्हांला हसत सांगितला. घावन कुठल्याच पेयाशी जात नाही. माडीशी पिठूळ लागतं, दारूशी मिळमिळीत. पुढचं सांगताना मात्र गुत्तेवाला हसला नाही. काकांनी बशी पुढे ओढली, भरलेला पेला शेजाऱ्याला दिला, रिकामा झाल्यावर तो उपडा घातला, आणि घावनं खाऊन न पिता उठून गेले. दर वर्षी असंच होई. कोणाच्या हातचं ते त्यांना माहीत होतं, हे आम्हांला त्यावरून कळलं. तरी ते घरी आले नाहीत.

मी मुंबईहून बी.ए. होऊन परतलो, त्या सुमारास दारूबंदीसाठी गुत्त्यांपुढे पिकेटिंग, म्हणजे वाट अडवून निदर्शनं, चालू होतं. खादी नेसलेल्या दोन बायका आमच्याकडे आल्या. चांगल्या होत्या, तळमळीनं बोलत होत्या. त्यांतली वयानं मोठी म्हणाली, "बाई, दारूपेक्षा तुमच्या तिसऱ्यांच्या वासानं माणसं आत शिरतात. हे पाप का घेता?"

"माझा घोव आत बसलाय. त्याला उठवून घरी आणा, लगेच चूल विझवते," मावशी म्हणाली.  दोघी नमस्कार करून गेल्या.

त्या दिवशी तिसऱ्या शिजल्या नाहीत. मी म्हटलं, "मावशी, आता मी मिळवीन. सोड हे."

तिनं विळी आडवी केली. मग विचारलं, "तू शिकलास, तू सांग. मी त्याला जेवू घातलं, की त्याची दारू रुचकर केली?"

 पदवी घेऊन आलो होतो, पण मी घागर उचलली आणि पाण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा चूल पेटवली. मात्र गुत्तेवाला काही सांगू लागला की ती आत निघून जाई.

पुढे होडी विकली गेली आणि काका मुंबईला गोदीत कामाला गेले. मावशीनं गुत्त्याचं काम त्याच आठवड्यात सोडलं. मलाही मुंबईत कारकुनी मिळाली. आमच्या वाडीतल्या माणसांच्या खोलीवर काका मला सापडले ते अंथरुणातच. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. मी डॉक्टर आणला, मावशीला निरोप धाडला, पण तिला निघायला वेळ उरला नाही. मग मी हे पत्र पाठवलं.

तीर्थरूप मावशीस शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र जे गुरुजी वाचून दाखवतील त्यांना विनंती, सावकाश वाचावं, आणि मावशी थांबा म्हणाली तर थांबावं.

मावशी, काका काल पहाटे गेले. मी जवळ होतो. अग्नी मी दिला.

आदल्या दिवशी त्यांनी घावन मागितलं. मला कुठलं येतंय? दोन तव्याला चिकटली, तिसरं निघालं. अर्धं खाल्लं त्यांनी. "मीठ कमी आहे, तिचा हात नाही तुला," म्हणाले आणि हसले.

तुझा प्रश्न मी त्यांनाच विचारला. ते म्हणाले, "दारू मी चण्यांबरोबरही प्यायलो असतो. ती वाढत होती म्हणून इतकी वर्षं निघाली." हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. त्यांचे शब्द आहेत.

घरी का आला नाहीत, तेही विचारलं. म्हणाले, "त्या जागेशेजारी बसवेना." मग म्हणाले, "माझा पाट मोडला असेल." मी सांगितलं, आहे. मावशी रोज पुसते.

मी शनिवारच्या बोटीनं निघतो. मी येईपर्यंत पाट उचलू नकोस.