नुसता ठिपका

गाड्यांना ट्रॅकर बसवून देणाऱ्या त्या मिस्त्रींना सगळे ठिपकेवाले म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. गिऱ्हाईक आलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असे, "चोरानं गाडी पाताळात नेली तरी तुमच्या फोनवर ठिपका दिसणार." पाताळात रेंज असते का, असं एखाद्यानं विचारलं की ते रागवत. बाकी कशाचीही थट्टा करा, चोरीची नाही.

त्याला कारण होतं. तरुणपणी त्यांची पहिली गाडी दवाखान्याच्या दारातून चोरीला गेली. आत आई खाटेवर, आणि औषध आणायला म्हणून बाहेर यावं तर गाडीच्या जागी तेलाचे चार थेंब. तेव्हापासून चोर हा इसम त्यांच्या डोक्यात भाडं न देता कायमचा राहायला आला. घराच्या दाराला तीन कुलपं होती. बायको म्हणायची, "चोर आलाच तर बिचारा कुलपं उघडता उघडता म्हातारा होईल." ते हसत, आणि हसता हसता उठून कुलूप ओढून बघत.

दुकान जेमतेम एक गाडी आत आणि एक दारात मावेल एवढंच. पण हात मात्र असा की काडेपेटीएवढी डबी ते गाडीच्या पोटात कुठे दडवत, ते गाडीच्या मालकालाही सापडत नसे. वायरीला काळी टेप गुंडाळायची, आणि टेपचं टोक जरासं आत दुमडून ठेवायचं, म्हणजे पुन्हा सोडवताना नख खुपसावं लागत नाही. आणि काम झालं की सीटच्या खालच्या बाजूला दुकानाचा स्टिकर, फोन नंबरसकट. वस्तू लपवायची आणि वर जाहिरात करायची! पण कारागीर म्हटला की सही केल्याशिवाय त्याचा जीव शांत होत नाही.

दुसरी एक खोड त्याहून वाईट होती, पण ती तेव्हा त्यांना खोड वाटत नव्हती. गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून ते स्वतःचा फोन पुढे करत. "हा ठिपका बघा. ही माझ्या लेकीची लाल मोपेड. आत्ता कॉलेजात आहे. संध्याकाळी चित्रकलेच्या क्लासला जाईल, मग घरी." गिऱ्हाईक मान डोलवी. लेकीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चोरासाठी लावलंय, त्यात तिला काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब. खरं तर तो ठिपका बघताना त्यांना चोराची आठवण कधी येत नसे. चहाच्या वेळी फोन काढायचा, अंगठ्यानं काच पुसायची, ठिपका जागच्या जागी आहे ना बघायचं आणि फोन खिशात. संध्याकाळी दारात उभं राहून पोरांची वाट बघणाऱ्या बापांची त्यांना कीव यायची.

एक दिवस सकाळी टेम्पोनं एक राखाडी स्कूटर दुकानापुढे उतरवली. मागून चालत एक बाई आल्या. तिशीच्या असाव्यात. खांद्याला मोठी पिशवी, आणि बोलताना नजर सारखी रस्त्याकडे.

"माझ्या जुन्या ऑफिसच्या आवारात पडून होती, काका. चालूच होत नाही. सीटखाली तुमचा स्टिकर दिसला, म्हटलं तुमच्या ओळखीची गाडी असेल."

मिस्त्रींना काही आठवेना. अशा राखाडी स्कूटरी ढिगानं येऊन गेलेल्या. बॅटरी पार बसली होती. त्यांनी ती चार्जिंगला लावली, दुसरी कामं उरकली आणि मग बॅटरी गाडीत चढवली. बाई स्टुलावर बसून होत्या. हातातला चहा निवून गेला तरी त्यांनी घोट घेतला नव्हता.

"नवीच बॅटरी होती. अशी कशी उतरली?"

"काहीतरी करंट खातंय आतल्या आत. बघतो," असं म्हणत त्यांनी पुढचं पॅनेल सोडवलं आणि टॉर्च मारला. आत काळी डबी होती. तिच्यावर काळी टेप. टेपचं टोक आत दुमडलेलं.

आता सगळं आठवलं. सहा-सात महिन्यांपूर्वी एक गृहस्थ ही गाडी घेऊन आले होते. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. "बायकोची गाडी आहे. चोरीचा प्रयत्न झालाय. तिला मात्र सांगू नका हं, घाबरते." मग जाता जाता विचारावं तसं विचारलं होतं, "यात आवाजही ऐकू येतो ना?" येतो की, मिस्त्री म्हणाले होते, आणि माइकवाली महागाची डबी काढून दिली होती. चोर आपसात काय बोलतात ते ऐकायला बरं, असं त्यांनीच वर समजावलं होतं. त्या डबीला फोन लावला की ती रिंग न वाजवता उचलते. लाल दिवा लुकलुकत असला तर डबी जिवंत आहे. दिवा हिरवा झाला तर कुणीतरी ऐकतंय.

बॅटरी मेली तशी डबीही मेली होती. तिला आज सकाळी पाणी पाजून जागं केलं ते मिस्त्रींनीच. लाल दिवा लुकलुकत होता.

मागे बाई बोलू लागल्या होत्या. बरेच दिवस तोंड मिटून बसलेलं माणूस एकदा बोलायला लागलं की थांबत नाही. "गाडीवाचून फार अडतं, काका. घर सोडलं मी. मुलाला घेऊन निघाले. आता बहिणीकडे असते. ती पाण्याची टाकी आहे ना, तिच्या मागे, शिवणक्लासच्या..."

दिवा हिरवा झाला.

मिस्त्रींनी हॉर्नचं बटण दाबलं आणि दाबूनच धरलं. बाई दचकून उभ्या राहिल्या. त्यांच्या ओठांवरून पुढचं "वरच्या मजल्यावर" मिस्त्रींना दिसलं, पण ऐकू आलं नाही. डबीला किती ऐकू गेलं? शिवणक्लासच्या आधी की नंतर? अंगठा बटणावर तसाच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांना अजून काही कळलं नव्हतं, पण गप्प बसायची खूण मात्र त्यांना चटकन कळली.

हॉर्न सोडला तसा मिस्त्रींचा फोन वाजला.

"मिस्त्री," तोच गोड आवाज, "हॉर्न झकास वाजतोय हो."

मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडी तुमच्याकडे दिसतेय. कोण घेऊन आलं?"

"टेम्पोवाला. टाकून गेला."

"एकटाच होता?"

"एकटाच."

"मी निघालोच आहे. गाडी हलवू नका."

त्यांनी डबीची वायर उपटली, तरी तिच्यासमोर बोलायचा धीर होईना म्हणून बाईंना खुणेनं रस्त्यावर नेलं आणि रहदारीच्या आवाजात, जमेल तसं, सगळं सांगितलं. सांगताना शब्द एकमेकांत अडकत होते. बाई ओरडल्या नाहीत. फक्त एक पाऊल मागे सरल्या, भिंतीला पाठ लागेपर्यंत.

"तुम्ही बसवलंत?"

"हो."

"गाडी माझ्या नावावर आहे, काका. माझ्या पगारातून घेतलीय. मला विचारावंसं नाही वाटलं?"

"ते म्हणाले, ती घाबरते, तिला सांगू नका."

"कुणाला घाबरते, ते विचारलंत?"

मिस्त्रींनी जन्मभर चोराला बाहेर ठेवायची कुलपं विकली, आणि इथे कुंपणानंच शेत खाल्लं होतं. आणि ते कुंपण घालून देणारे हेच.

"मागच्या गल्लीतून जा. फोन नंबर तेवढा देऊन ठेवा. गाडी राहू दे, मी पोचवीन. मी त्याला काही सांगणार नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. विश्वास ठेवावा असं त्या चेहऱ्यावर काही दिसलं नसावं, पण दुसरा इलाजही नव्हता. त्या नंबर लिहून देऊन गेल्या. मिस्त्री आत येऊन उगाच पाने-पकडी पुसत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं. दारावरून कुणीही गेलं तरी मान वर होत होती.

गृहस्थ आले ते हसतच. शर्ट आजही इस्त्रीचा. त्यांनी हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. स्टुलाजवळ निवलेला चहा तसाच होता.

"गाडी नेतो."

"कागद दाखवा," मिस्त्री म्हणाले. इतक्या वर्षांच्या धंद्यात हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होता, आणि तोही कापऱ्या आवाजात.

"मागे तर मागितले नव्हते."

"चुकलं माझं. आता मागतोय."

गृहस्थांनी मान हलवली, जणू पोराचा हट्ट समजून घेतला. "बरं, गाडी राहू दे. ती राहते कुठे, तेवढं सांगा. मुलाला भेटायचंय मला. तिचा आवाज ऐकलाय मी, मिस्त्री. पुढचं तुमच्या हॉर्नमुळे राहिलं."

म्हणजे पत्ता ऐकू गेला नव्हता. मिस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला. "मला ठाऊक नाही."

"असं?" गृहस्थांनी खिशातून फोन काढला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "लेक कशी आहे तुमची? लाल मोपेडवाली. चित्रकलेचा क्लास चालू आहे ना अजून?"

यानं पाळत ठेवली नव्हती, कुणाला विचारलं नव्हतं. मिस्त्रींनीच दाखवला होता तो ठिपका, याच टेबलाशी, कौतुकानं. आणि याला एकट्यालाच का? आजवर किती गिऱ्हाइकांपुढे फोन धरला असेल? त्यातला कोण कसा होता, कुणाला माहीत?

पाण्याची टाकी, शिवणक्लास, वरचा मजला. एवढं बोललं की लेक सुटत होती. शब्द जिभेवर आलेही होते, हे खोटं कशाला सांगा? बापाचं काळीज आहे, ते दुसऱ्याच्या लेकीचा विचार सगळ्यात शेवटी करतं. पण तेवढ्यात त्यांची नजर गृहस्थांच्या हाताकडे गेली. फोनच्या काचेवर अंगठा फिरत होता. सावकाश, प्रेमानं, काच पुसल्यासारखा. चहाच्या वेळी मिस्त्रींचा फिरायचा, अगदी तसाच.

"मला ठाऊक नाही," ते पुन्हा म्हणाले.

"आठवलं तर कळवा," हेल्मेट उचलत गृहस्थ म्हणाले. "मी आहेच."

शटर ओढून मिस्त्री निघाले. लेक कुठे आहे ते त्यांनी ठिपक्यावरच बघितलं, आणि बघताना स्वतःचीच लाज वाटली. ती कॉलेजात नव्हती. वाचनालयाच्या पायऱ्यांवर मैत्रिणींबरोबर बसली होती.

"बाबा? मी इथे आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

ते काही न बोलता मोपेडपाशी उकिडवे बसले. पॅनेल सोडवलं, दुमडलेलं टोक धरून टेप ओढली आणि डबी तिच्यापुढे धरली. तिनं ती हातात घेतली नाही.

"कधीपासून?"

"गाडी घेतली तेव्हापासून."

"माझं बोलणंही ऐकायचात?"

"नाही गं. नुसता ठिपका."

"नुसता," ती म्हणाली, आणि एक पाऊल मागे सरली. त्या बाई सरल्या होत्या तशीच. मग त्यांनी तिला सकाळपासूनचं सगळं सांगितलं, गृहस्थांनी तिचं काय विचारलं तेही.

"आधी त्या बाईंना फोन करा," ती म्हणाली. "आणि चला पोलिसांत."

पोलिसांत बाई बहिणीला घेऊन आल्या. मिस्त्रींनी सांगितलं, डबी मी बसवली, कागद मागितले नाहीत, बाईंना विचारलं नाही. लिहून घेणाऱ्यानं मान वर केली. "तुमचंही नाव यात येणार." येऊ द्या, मिस्त्री म्हणाले. बाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत. त्यांची गाडी पुढे टेम्पोनं, लांबच्या रस्त्यानं, पोलिसांच्या समोरच त्यांना मिळाली. गृहस्थांना बोलावून समज दिली असं कळलं. समज दिलेला माणूस किती समजतो, ते कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लेक क्लासला निघाली, तेव्हा मिस्त्री डबी घेऊन तिच्या मागे मागे फिरत होते.

"आता तरी लावू दे. तुला सांगून लावतो. त्या माणसाचा भरवसा नाही."

"त्याला माझा पत्ता कुठून लागला, बाबा?" तिनं चावी फिरवली. "मी येईन. उशीर झाला तर फोन करीन."

ती गेली. सवयीनं हात खिशात गेला, फोन निघाला, अंगठा काचेवर फिरला. नकाशावर रस्ते होते, चौक होते, ठिपका नव्हता. इतकी भीती त्यांना गाडी चोरीला गेली तेव्हाही वाटली नव्हती. त्यांनी तिन्ही कुलपं काढली आणि दारात येऊन उभे राहिले.

दिवे लागले. समोरच्या घरातला बाप आपल्या पोराची वाट बघत उभा होता. त्यानं मान हलवली, यांनीही हलवली. कोपऱ्यावर गाडीचा आवाज आला. तिची नव्हती. आणखी एक आली. तीही नव्हती. आतून बायकोनं विचारलं, "अहो, दिसते का?"

मग लाल मोपेड वळली. लेकीनं गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं आणि बापाकडे पाहिलं.

"कधीपासून उभे आहात?"

"आत्ताच आलो," मिस्त्री म्हणाले, आणि तिला आत जायला वाट करून दिली.