गाठीचा हुकूम

बाजाराच्या मागच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानाला लागून तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. भुवया कोरताना तिचा दोरा कातडीवरून असा फिरायचा की गिऱ्हाइकाला डुलकी लागावी, म्हणून सगळ्या तिला मखमल म्हणायच्या. जिभेला मात्र कानस होती. "तुझा नवरा अजून तुझ्या भुवयांकडे बघतो? नशीब काढलंस बाई. माझा तर जळक्या मोटारींकडेच बघतो," असं म्हणून ती खुर्चीतल्या बाईला हसवायची आणि वर दटावायची, "हलू नकोस, अर्धीच भुवई घेऊन घरी जाशील."

नवरा पंपांच्या नि पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचा. मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण संसार मोडल्यावर चार घरं पलीकडे राहायला आली होती, आणि दुपारचा चहा तिघांचा एकत्र व्हायचा.

पंचेचाळिशी उलटली आणि तिचा चेहरा भरू लागला. गाल वर आले, डोळे बारीक झाले. "मखमलनं बाळसं धरलंय!" बायका म्हणाल्या. तीही हसली. मग हनुवटीवर राठ केस उगवले. सकाळी शटर उघडण्याआधी ती आरशासमोर बसून ते उपटायची. "आता मीच माझं गिऱ्हाईक," ती नवऱ्याला म्हणाली, पण त्या वेळी तिला हसू आलं नाही. बोटांची पेरं काळवंडली. टेबलाच्या खणाचा कोपरा जरा लागला तरी दंडावर जांभळा डाग उठायचा. पोट सुटलं आणि हातपाय काड्या झाले.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली, साखरेची दिली. "पाळी जायचं वय आहे. वजन उतरवा, गोड सोडा." तिनं गोडच काय, रात्रीचं जेवणही सोडलं. चेहरा तरी फुगतच गेला. लोकांना वाटायचं, ही चोरून खात असणार. तसं एकीनं तोंडावर बोलूनही दाखवलं.

झोप उडाली. डोळ्याला डोळा लागेना. आत काहीतरी सतत उकळत असायचं आणि वाफ बाहेर पडायला फक्त तोंड होतं. जुन्या गिऱ्हाइकांना तिनं खुर्चीतून उठवून घालवून दिलं. एका दुपारी चहा घेताना धाकटी भावोजींच्या कसल्याशा बोलण्यावर हसली. मखमलच्या हातातला कप भिंतीवर जाऊन फुटला.

"स्वतःचा संसार टिकवता आला नाही, म्हणून माझ्यात शिरतेस? माझ्या नवऱ्यावर डोळा ठेवूनच इथं येऊन राहिलीस तू!"

"ताई, काय बोलतेयस तू?"

मग मखमल जे बोलली ते गल्लीनं ऐकलं. धाकटीनं आपला कप बशीत ठेवला आणि ती निघून गेली. महिन्याभरात तिनं घरही बदललं.

नवऱ्यानं मखमलला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी झोप आली, पण उकळणं थांबलं नाही. मखमलच्या डोक्यावर परिणाम झालाय, ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? दुसरी खुर्ची रिकामी राहू लागली, मग पहिलीही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिचं तिलाही ते पटलं होतं. आपण वेड्या आहोत आणि दुष्टही आहोत, असं ती स्वतःला सांगायची.

एक दिवस बुटक्या स्टुलावर बसून ती उरल्यासुरल्या गिऱ्हाइकांतल्या एकीच्या टाचा घासत होती. उठायला गेली तर मांड्यांत जोरच नाही. शेवटी नवऱ्याला बोलवावं लागलं. त्यानं काखेत हात घालून तिला उचललं आणि बरगडीत कट्‌ असा आवाज आला.

मोडलेल्या बरगडीसाठी फोटो काढला. हाडांच्या डॉक्टरांचं बोट बरगडीवरून सरकून फुप्फुसातल्या एका ठिपक्यावर थांबलं. "बरगडी जुळेल. आधी हे काय आहे ते बघू."

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या झाल्यावर समजावून सांगितलं. मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांनी किती रस सोडायचा याचा हुकूम मेंदूतून येतो. तिच्या फुप्फुसात लपलेली कर्करोगाची गाठ तोच हुकूम खोटा खोटा पाठवत होती, अखंड. म्हणून हा चेहरा, हे केस, ही साखर, मोडकी हाडं.

"आणि राग?" तिनं विचारलं. "संशय?"

"तोही त्यातलाच."

"म्हणजे मी वेडी नव्हते?"

"नाही."

मखमल हसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, अगदी पोटातून. "अहो, ऐकलंत ना? ती मी नव्हतेच!" तिनं नवऱ्याचा हात धरला. त्यानं मान खाली घातली होती. मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ यकृतात पसरलीय."

रस अडवणारं औषध सुरू झालं. काही आठवड्यांत चेहरा उतरला, डोकं शांत झालं, आणि त्या शांत डोक्यात आपण बोललेलं एकेक वाक्य स्पष्ट ऐकू येऊ लागलं. तिनं धाकटीला निरोप पाठवला. धाकटी आली, पण खाटेवर न बसता खुर्चीच्या कडेला टेकली.

"ते माझ्या तोंडून आलं गं. माझ्या मनातलं नव्हतं."

"कळतं मला, ताई."

"मग जवळ ये ना."

धाकटी जागची हलली नाही. "दिवसा कळतं. एकटी असले की नाही कळत. तू म्हणालीस ते कधीतरी माझ्याही मनात आलं होतं, की लोक असं म्हणत असतील. तू नेमकं तेच उचललंस. गाठीला ते कसं ठाऊक?"

धाकटीनं पांघरूण नीट केलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मखमलनं डॉक्टरबाईंना विचारलं, "ही गाठ किती जुनी असेल?"

"महिन्यांची असेल, वर्षांची असेल. नक्की नाही सांगता येत."

तेव्हापासून ती मागचं उकरत राहिली. वारलेल्या सासूला एकदा तोडून बोलली होती, ते कुणाचं? नवऱ्याशी सहा महिने अबोला धरला होता, तो? आणि बायकांना हसवायची ती कानस तरी तिची होती का? नवरा म्हणायचा, "अगं, सोड ना आता." ती म्हणायची, "सोडू काय? माझं कुठलं नि गाठीचं कुठलं, तेच कळत नाही."

कर्करोगावरचे खरे उपचार सुरू व्हायच्या आधीच छातीत संसर्ग झाला. शरीरात झुंजायला काही उरलंच नव्हतं. ताप चढला, श्वास अपुरा पडू लागला. नवरा सारखा तिचा हात चोळत होता. शेवटी शेवटी ती त्याच्यावर एकदा खेकसली, "नका ना चोळू, दुखतं!" आणि लगेच घाबरून त्याच्याकडे पाहू लागली.

"असू दे," तो म्हणाला. "असू दे गं."

पहाटे ती गेली.