दत्तारामचं कानाचं मशीन

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. महिन्यापूर्वी मिरकरवाड्यातून सुमनचा फोन आला, "भाऊ, दत्ता गेला ओ," तेव्हा दुःखाआधी मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटली, म्हणून लिहितोय.

सुमन आमच्या गावाकडची, मला भाऊ म्हणते. दत्ताराम तिचा धाकटा भाऊ, जाळी विणणारा. लहानपणीच्या तापात कान गेले. मशीन लावलं की थोडं ऐकू येई. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका बंदरावर मारामारीत पकडला गेला आणि कच्चा कैदी म्हणून तुरुंगात आला. मी तिथे कंपाउंडर होतो. आत येणाऱ्याची प्रत्येक वस्तू जमा करायची रीत. मशीनला बॅटरी होती, म्हणून मीच 'विजेची वस्तू' असं लिहिलं आणि ते मोबाइल-घड्याळांबरोबर कुलपात गेलं.

मग सकाळच्या हजेरीला दत्ता गप्प. शिपाई म्हणाला, माजलाय. डॉक्टरांपुढे बाकावर बसवला, तेव्हा कानातून पू येत होता. डॉक्टरांनी त्याच बाकावर मागून पत्र्याचा डबा आपटला. बाक हादरलं, दत्ता वळला. "बघा कंपाउंडर, कसं झक्क ऐकू येतं सोंगाड्याला!" सगळे हसले... मीही. 'सोंग करतो' ही नोंद माझ्या अक्षरात आहे.

भेटीच्या दिवशी सुमन विनवायची, "भाऊ, मशीन तेवढं द्या ओ त्याला." मी म्हणायचो, विचारतो. विचारलं नाही. मला मांडवीला, घराजवळ बदली हवी होती आणि डॉक्टरांचा शेरा चांगला हवा होता. दत्ता सुटला तेव्हा मशीन परत मिळालं. कानाला औषध न मिळाल्याने ऐकू येणं तोवर संपलं होतं. सुमनला अजून वाटतं, भाऊंनी खटपट केली.

डॉक्टर, परवा तुमच्या सत्काराचा फोटो पाहिला. शाल, श्रीफळ, 'कैद्यांचे कैवारी'. संपादक तुमचं नाव इथे छापणार नाहीत. चौकशीच्या अर्जात मात्र ते पूर्ण लिहिलंय, खाली माझंही. म्हातारपणाची दया मी मागणार नाही, तुम्हालाही मिळू देणार नाही.

गेल्या वर्षी माफी मागायला मिरकरवाड्यात गेलो होतो. दत्ता पाठमोरा बसून जाळं शिवत होता. सुमन म्हणाली, "पुढं जावा, तोंड बघून समजतं त्याला." मी जागचा हललो नाही. त्याच्या पाठीकडे बघत पुटपुटलो, "दत्ता, चुकलं माझं." त्याला कळलं नाही... कळू नये अशाच जागी मी उभा होतो.