एकशे तेहेतीसची डिस्क

सावलीला मी संगणकाचे वर्ग घेते. वैनगंगेपलीकडच्या एका जंगलातल्या गावाचा संगणक मी पूर्वी एकदा दुरुस्त करून दिला होता, त्या ओळखीवर तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंचा फोन आला. संगणक कायमचा बंद पडला होता आणि त्यांच्या भावाचा आवाज आत अडकला होता.

भाऊ गावचा वैदू. कोणत्या टेकडीवर कोणती मुळी, ती कशासाठी, कधी खणायची, हे सगळं जंगलात फिरत फिरत तो सांगत होता आणि गावानं ते चित्रित करून ठेवलं होतं. आता तो नाही. आणि मुळ्या कुठं आहेत हे बाहेर कळलं तर ट्रक भरून नेतील, ही गावाची भीती. त्यामुळं डिस्क माझ्याकडे पाठवायला कोणी तयार होईना. शेवटी बाई स्वतःच आल्या. डिस्क टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून, सावलीहून माझ्यासोबत बसनं चंद्रपूरला.

असल्या रुंद पट्टीच्या जुन्या डिस्का जोडून आतलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून देणारं एक दुकान कोटाच्या आत होतं. दुकानदारानं लेबल पाहिलं. "एकशे तेहेतीसची आहे. अर्ध्या तासात होते," म्हणाला आणि डिस्क घेऊन आतल्या खोलीत गेला.

"आत काऊन नेला? इथी नाई होत का?" बाईंनी मला विचारलं.

"मशीन आत आहे, बाई."

"मंग आपनही आत बसू."

आत जागा नाही, असं तो पडद्याआडूनच म्हणाला. मला तेव्हा काही वाटलं नाही. अर्धा तास गेला, तास गेला. बाई पडद्यावरची नजर हलवत नव्हत्या. "कोनाशी तरी फोनवर बोलून राह्यला तो," त्या हळूच म्हणाल्या.

मी मनात हिशेब मांडला. एकशे तेहेतीस म्हणजे सेकंदाला एकशे तेहेतीस मेगाबाइट. डिस्क ऐंशी गिगाबाइटची, जवळपास भरलेली. ऐंशी हजाराला एकशे तेहेतीसनं भागलं तर दहा मिनिटं. मग हा तासभर करतो काय? एवढ्या वेळात सहा प्रती निघतील. मी पडदा सारून आत गेले; बाई माझ्या मागोमाग.

टेबलावर आमची डिस्क, तिच्याशेजारी आम्ही आणलेली नवी आणि तिसरी एक काळी डिस्क. तिचाही दिवा लुकलुकत होता.

"ही कोणाची?"

"दुसऱ्या गिऱ्हाइकाची, मॅडम."

"काढ म्हना त्याले," बाई म्हणाल्या.

मी संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. वेग पंधराच्या आसपास, अजून वीस मिनिटं बाकी. जुनी डिस्क संगणकाला जोडणाऱ्या डबीवर चारशे ऐंशी छापलं होतं. ते वाचून संशय आणखी चढला, आणि मग पुढचं अक्षर दिसलं. मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे चारशे ऐंशीचे झाले साठच, आणि तेही कागदावर. एकशे तेहेतीस ही त्या पट्टीची कमाल मर्यादा. थकलेली डिस्क तेवढं देईलच असं नाही. ऐंशी हजाराला पंधरानं भागलं, दीड तासाच्या आत-बाहेर आलं. वेळ बरोबर जुळत होता.

पण माझं समाधान झालं नाही. एकदाच वाचून दोन ठिकाणी लिहिता येतं, हे मला ठाऊक होतं.

"ती काळी उघडून दाखवा."

"माझ्यावर भरोसा नाई का, मॅडम?" त्याचा चेहरा उतरला, पण त्यानं उघडली. लग्नाचे फोटो. बाईंनी वाकून नवरी नीट पाहिली. मग संगणकाच्या डब्यावर बोट ठेवलं. "आन याच्या पोटात?"

तेही पाहिलं. आत जेमतेम दहा गिगाबाइट जागा मोकळी होती, आणि आज त्यात नवीन काहीच उतरलेलं नव्हतं.

काम संपल्यावर मी एक चित्रफीत लावली. बाईंनी स्पीकर बंद करायला लावला. दुकानदाराच्या कानावर शब्द जायला नको होता. हेडफोन कानाला धरून त्या ऐकत राहिल्या. गोंडीत काहीतरी पुटपुटल्या, भावाला उत्तर दिल्यासारखं. डोळे पुसले आणि दोन्ही डिस्का टॉवेलात बांधल्या.

बसस्टँडवर मी म्हटलं, "बाई, ही नवी बिघडली तर? एक प्रत माझ्याकडे ठेवू का? कोणाला दाखवणार नाही."

"नाई," त्या म्हणाल्या. "पोरी, तुह्या मोबाईलमधी तं काई गेलं नाई ना?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी मोबाईल उघडून त्यांच्या हातात दिला. बस लागेपर्यंत त्या एकेक फोटो बोटानं सरकवत पाहत होत्या.