एका हंगामापुरती दुर्बीण

नीलिमाने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही. अंडंसुद्धा वर्ज्य असलेल्या घरातली ती. त्यामुळे गेल्या फेब्रुवारीत सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसून फोनवर रायफलीवर बसवायच्या दुर्बिणी बघायला लागली, तेव्हा मी चाटच पडले.

"दादासाठी," एवढंच म्हणून तिने पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं. बाकीचं तिने मला नंतर थोडं थोडं करून सांगितलं.

तिचे दादा, पद्माकर, तिच्याहून बरेच मोठे. वडील लवकर गेले. शाळेच्या गॅदरिंगपासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत सगळीकडे तिच्याबरोबर दादाच. पुढे ते गुरांचे डॉक्टर म्हणून न्यूझीलंडच्या दक्षिणेला गेले आणि तिथल्या शेतकऱ्यांबरोबर हरणांच्या शिकारीला जाऊ लागले. पुण्याला आईपासून हे लपवलेलं. नीलिमाला तेवढं माहीत होतं, आणि मालतीवहिनींना. वहिनी नाक मुरडून का होईना, ते मांस शिजवून द्यायच्या.

आता दादांची फुप्फुसं दिवसेंदिवस कडक होत चालली होती. चार पावलं चाललं की धाप लागायची. डोंगर चढणं संपलं होतं. पण शेजारचा शेतकरी गाडीने रानाच्या कडेपर्यंत सोडायला तयार होता. एप्रिलात नर हरणं ओरडत फिरतात, तो हंगाम त्यांना गाठायचा होता. जुन्या दुर्बिणीत मात्र आतून धुकं धरलं होतं.

"तू यंत्रांतली माणूस. बघ एखादी स्वस्तातली," दादा फोनवर म्हणाले. "एवढा हंगाम निघाला की झालं."

नीलिमाने निवडली ती चांगली महागडी. "असू दे रे, पैसे मी देते. हिला लाइफटाइम वॉरंटी आहे."

दादा श्वास जुळवत थांबले. "कोणाच्या लाइफटाइमची, नीलू?"

तिने फोन ठेवून दिला. पुढचे काही दिवस तिने तो केलाच नाही. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसायची. एकदा म्हणाली, "मला वाटलं, चांगली वस्तू घेतली तर तो ती वापरायला राहील. असं कुणाला वाटतं का गं?"

मग तिने दादांनी सांगितलं तशीच शोधायला घेतली. स्वस्त दुर्बिणी चोवीस पट मोठं दाखवण्याच्या बाता मारत होत्या. पण संध्याकाळच्या उजेडात तेवढं मोठं केलं की चित्र काळवंडतं. दादा झाडीत, जवळूनच नेम धरायचे. त्यांना तीन ते नऊ पट पुरेसं होतं. काहींबद्दल लोकांनी लिहिलं होतं की दोन-चार गोळ्या झाडल्या की नेम सरकतो. त्या तिने ताबडतोब बाद केल्या. आमच्या प्लांटमधली मोजमापाची यंत्रं तीच सांभाळायची; असं सरकणारं यंत्र तिने एक दिवससुद्धा ठेवलं नसतं. तिला हवी होती वजनाला हलकी, आत ओल न शिरणारी. आणि सर्वांत महत्त्वाचं, डोळा भिंगापासून चांगला लांब ठेवता येईल अशी. दादांच्या खांद्यात आता जोर नव्हता; गोळी सुटताना रायफल मागे आली तर दुर्बिणीची कड कपाळावर बसली असती.

"हीच," दादा म्हणाले. "मीही हीच घेतली असती."

दुर्बीण थेट त्यांच्या गावातल्या दुकानात पोचली. दुकानदाराने बसवून दिली, कागदावर नेम जुळवून दिला. दादांनी भोकं पडलेल्या कागदाचा फोटो पाठवला. नीलिमाने तो मला दाखवला आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

प्लांटच्या गेटवर आमचे फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. एप्रिलातल्या एका दिवशी शिफ्ट संपल्यावर तिने फोन उघडला, तर दादांचे एकामागून एक कॉल येऊन गेलेले. तिने तिथेच, बसच्या रांगेत उभं राहून फोन लावला. वहिनींनी उचलला. संध्याकाळी हरीण मिळालं होतं, एका गोळीत. दादा कधीचे वाट बघत होते. आत्ताच डोळा लागला होता.

"उठवू का?"

"नको, झोपू दे. उद्या बोलते."

दुसऱ्या दिवशी ती बोलली खरी, पण दादांना ताप भरला होता. "स्पष्ट दिसलं गं," इतकंच म्हणाले, आणि खोकला थांबेना. त्या रात्री फोनवर जे सांगायचं होतं, ते सगळं सांगायला त्यांना पुन्हा जमलंच नाही. जूनमध्ये ते गेले.

नीलिमा न्यूझीलंडला पोचली तेव्हा घरात वहिनी एकट्याच होत्या. रायफल कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानदाराकडे गेली, दुर्बीण शेजारच्या शेतकऱ्याला दिली. राहिला तो गॅरेजमधला फ्रीजर. त्यात त्या हरणाच्या मांसाच्या पिशव्या ओळीने रचलेल्या होत्या. दोघी शाकाहारी, त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"महिनाभर मी त्यांना रोज करून घालत होते," वहिनी म्हणाल्या. "चव कशी झालीय ते थट्टेने मलाच विचारायचे. मी म्हणायची, मला काय कळतंय."

शेतकऱ्याला द्यायला नीलिमाने पिशव्या टोपलीत भरल्या. गार पडलेली बोटं पदराखाली घेऊन वहिनी दारातच थांबल्या, आणि ती एकटीच टोपली घेऊन शेजारच्या शेताकडे चालू लागली.